पाचव्या पानावरची कोरी चौकट

बारा पाने, प्रत्येक पानावर सहा चौकटी. अकोल्याहून टपालाने आलेले पाकीट मी राजापेठेतल्या माझ्या खोलीत उघडले, पाने क्रमाने मांडली आणि तपासायला बसले. पाचव्या पानावरची चौथी चौकट कोरी होती. आजूबाजूच्या चौकटी काळ्या शाईने पक्क्या झालेल्या आणि मधोमध हा पांढरा चौकोन, पडलेल्या दातासारखा. पेन्सिलीची एक रेघही त्यात नव्हती. सोबत चिठ्ठीही नव्हती.

छपाईचे ब्लॉक करण्यासाठी पाने नागपूरला पाठवायला नऊ दिवस उरले होते. तो दिवस चुकला असता तर पुस्तक चैत्रातल्या जत्रेला हाती आले नसते, आणि जत्रेनंतर त्याचा उपयोग नव्हता. कथा नारूची होती, पायातून निघणाऱ्या जंताच्या रोगाची. उन्हाळ्यात पायविहिरींचे पाणी खोल जाते, माणसे पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय घालतात, आणि पुढच्या वर्षीच्या नारूची पेरणी त्याच दिवसांत होते. एक उन्हाळा चुकला की वर्ष चुकले.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचा तो पहिला माघ. मी तेवीस वर्षांची होते आणि अमरावतीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून काम करत होते. मुलांना बेडूक फाडून दाखवणे हे माझे काम, आणि त्यापलीकडे काहीतरी करून दाखवणे ही माझी घाई. ज्यांना वाचता येत नाही त्यांना चित्रे वाचता येतात, एवढ्या एका अनुमानावर मी चित्रकथा लिहायला घेतली. प्रकाशक मिळाला नाही, तेव्हा प्रकाशकाशिवाय करायचे ठरवले. पहिले चित्रकार एका शाळेचे ड्रॉइंग मास्तर होते. त्यांनी काढलेल्या खेडुतांचे गाल गुलाबी आणि पाय स्वच्छ होते. नारू झालेला माणूससुद्धा हसत होता. मी आभार मानून ते काम थांबवले.

दुसरा चित्रकार मला अकोल्याला एका लग्नासाठी गेले असताना दिसला. शिडीवर उभा राहून तो सिनेमाचा बोर्ड रंगवत होता. नटीचा हात रंगवायचा होता, आणि तो दर दोन फटकाऱ्यांनंतर स्वतःचा डावा हात उन्हात धरून पाहत होता. हा माणूस पाहून काढतो, असा मी निष्कर्ष काढला, आणि तो खाली उतरेपर्यंत थांबले. लोक त्याला पेंटर म्हणत, मीही म्हणू लागले. जठारपेठेच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको राहत. चौकटीतल्या बोलण्याच्या फुग्यांमधली अक्षरे ती काढी. तिचे वळण छापील टाइपाला लाजवील असे होते. मी आलेखाच्या कागदावर प्रत्येक चौकटीचे वर्णन लिहून पाठवी. पेंटर कच्च्या कागदावर पेन्सिलीने काढून पाठवी, मी चुका दाखवी, मग तो पक्क्या पानावर शाईने काढी. चार महिने हे असे चालले होते, आणि त्याने कधी एकही चौकट चुकवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने मी अकोल्याला गेले. मूर्तिजापूर येईपर्यंत काय बोलायचे याची वाक्ये मनात तयार झाली होती. ती सगळी वाया गेली.

पेंटर ब्रश धूत होता. मी पान त्याच्यापुढे ठेवले.

"हे राहिले आहे."

"राह्यलं नाई, बाई. ठेवलं."

"कशासाठी?"

"वाचून दाखवा तुमीच, काय लिवलं तुमी."

माझे वर्णन माझ्याजवळ होते. मी वाचले: "गावाबाहेरच्या वस्तीतला मजूर पायविहिरीच्या शेवटच्या पायरीवर उतरला आहे. पायावर नारूचा फोड. पाय पाण्यात. फोडातून पांढरट धार पाण्यात मिसळत आहे."

"वस्ती म्हंजे आमचीच ना?"

पेंटरच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, हे मला पहिल्या भेटीतच भिंतीवरच्या तसबिरींवरून कळले होते. आमच्यात त्याचा उल्लेख कधी झाला नव्हता, आणि तो न करणे हा माझा सभ्यपणा आहे, अशी माझी समजूत होती.

"नारू मजुरांनाच जास्त होतो," मी म्हणाले. "दवाखान्यात विचारा. मी कुणाला कमी लेखण्यासाठी लिहिलेले नाही."

"व्हते ना. आमालेच जास्त व्हते," आतून त्याची बायको म्हणाली. ती दौत घेऊन दारात आली. "माह्या मायले तीनदा झाला. पन बाई, प्याल्यानं व्हते का पाय घातल्यानं व्हते?"

"प्यायल्याने होतो. पाय घातल्याने पाणी दूषित होते."

"मंग झालं तं," ती म्हणाली, आणि पेंटरकडे पाहू लागली.

पेंटरने ब्रश फडक्यावर आडवा ठेवला. "आमच्या गावची बी अशीच पायविहीर. माही माय हंडा घेऊन वरते उभी राहे. कोनी ओतलं तं ओतलं. नाई ओतलं तं उन्हात उभी. पैल्या पायरीवर बी आमचा पाय गेला नाई कधी. आन तुमी त्याले आखरीच्या पायरीवर उभा केला. तो उतरला कसा, हे सांगा मले. मी काढतो."

त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला टाळायला जागा उरली नाही. मी शास्त्र शिकले होते. रोग कोण पसरवतो याची साखळी मी मुलांना फळ्यावर काढून दाखवत असे. ज्याला पाण्याजवळ जाण्याचीच बंदी, तो पाणी दूषित करू शकत नाही, हे सातवीतल्या मुलालाही कळावे. मी चार महिन्यांत ते वर्णन निदान दहा वेळा तपासले होते. नारूच्या अळीचा आकार तपासला, पायऱ्यांची संख्या तपासली. माणूस तपासला नव्हता.

"बरं, तुमी सोता कोनाचा पाय पाह्यला?" पेंटरने विचारले. "धार पांढरी रायते हे कोनी पाह्यल्याशिवाय लिवत नाई."

खरे उत्तर मला ठाऊक होते. मी नऊ वर्षांची असताना, भातकुलीजवळच्या आमच्या गावात, आमच्याच थोरल्या काकांचा पाय मी पाहिला होता. खारपाण्याचा तो पट्टा; बाकीच्या विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही, गोड्या पाण्याची ही एकच पायविहीर. काकांच्या घोट्यावर फोड आला होता, आग आग होत होती, आणि ते जोडे वरच्या पायरीवर काढून खाली उतरले आणि पाय पाण्यात सोडून डोळे मिटून बसले. फोडातून दुधासारखे काहीतरी निघाले आणि पाण्यात विरले. मी शेजारी बसून ते पाहत होते. नंतर त्यांनी कपाशीच्या वाळलेल्या काडीवर, पऱ्हाटीवर, तो जंत रोज थोडा थोडा गुंडाळून काढला. ही कथा लिहिण्याचे माझे सगळे कारण ती धार होती. आणि लिहिताना काका कधी गळले आणि त्यांच्या जागी तो मजूर कधी येऊन बसला, ते मला आठवत नव्हते. निरीक्षणात फेरफार केल्याबद्दल मी विद्यार्थ्यांची वही परत करत असे.

"माझ्या काकांचा," मी म्हणाले.

"मंग त्याईचाच काढू," पेंटर म्हणाला. "पन मले तो पाय पाहा लागन."

काकांना विचारल्याशिवाय हे करणे शक्य नव्हते. माझ्या शिक्षणाला घरात सगळ्यांचा विरोध असताना त्यांच्या एका शब्दावर मी कॉलेजात गेले होते. त्याच माणसाच्या ओसरीवर जाऊन, गावात नारू तुमच्या पायाने पसरला, असे मला सांगायचे होते. तेही त्यांच्या मुलीचे लग्न जमत असताना. ते नाही म्हणाले असते तर दोनच वाटा होत्या: खोटी चौकट दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यायची, किंवा पुस्तक सोडून द्यायचे. पहिली वाट घेतली असती तर पेंटरने उरलेली पानेही मागे घेतली असती. तो तसे बोलला नव्हता, पण मी ओळखून होते.

चार दिवसांनी आम्ही गावी गेलो. गाडीत पेंटर मागच्या बाकावर बसला, मी पुढे. गावात शिरल्यावर तो माझ्यापासून दहा पावले मागे चालू लागला. मी थांबले की तोही थांबे.

काका ओसरीवर सुपारी कातरत होते. मी ओळख करून दिली: हे अकोल्याचे चित्रकार, माझ्या पुस्तकाची चित्रे काढतात. काकांनी त्याला बसायला सांगितले. तो ओसरीच्या कडेला, पाय अंगणात सोडून बसला.

"काय वं, माहा फोटो काढून रायली का पुस्तकात?" काका खुशीत म्हणाले. "मंग फेटा बांधून येतो थांब."

"फोटो नाही काका. पाय."

"पाय? काहून, तोंड वाईट आहे का माह्यं?"

मी सांगितले. गावात येता येता पायविहिरीवरून भरून घेतलेली काचनळी पिशवीतून काढली, उजेडात धरली आणि भिंग त्यांच्या हातात दिले. त्यांनी एक डोळा मिटून पाहिले. पांढरे ठिपके झटके देत वरखाली होत होते.

"हे तं उड्या मारून रायले."

"हे किडे नारूची अळी खातात. आपण पाण्याबरोबर हे किडे पितो. वर्षाने पायातून नारू निघतो. तो पाय कुणी पाण्यात घातला, की पुन्हा अळ्या पाण्यात."

काकांनी भिंग खाली ठेवले. सुपारी कातरणे थांबले होते. "म्हंजे माह्या पायानं गावले नारू देल्ला, असं छापतं तू?"

"तुमच्या एकट्याच्या नाही. जे जे उतरले त्यांच्या."

"उतरले तं सगळेच. आन नाव माह्यं."

"नाव नाही घालणार."

"पोरीचं जमून रायलं," दाराआडून काकू म्हणाल्या. "सोयऱ्याईच्या हाती पडलं पुस्तक, तं काय सांगाव? ह्या घरात नारू आहे म्हनून?"

"नारू कोनत्या घरात नाई?" काका म्हणाले, पण ते काकूंना नव्हे, अंगणाला सांगितल्यासारखे. मग काकूंनी चहा आणला. काकांना आणि मला घरातल्या कपबश्या. पेंटरसमोर कान तुटलेला, बशी नसलेला एक कप, लांबून सरकवलेला. तो कप गोठ्याच्या कोनाड्यात असे, आणि तो कुणासाठी असे हे मला लहानपणापासून माहीत होते. पेंटरने कपाकडे पाहिले. "मी चाहा घेत नाई, माय," तो म्हणाला आणि वहीची पाने चाळू लागला. मी माझा चहा प्याले. ही नोंद मी आहे तशी ठेवते.

"तवा मले कोनी सांगतलं नव्हतं," काका अखेर म्हणाले.

"तेव्हा कुणालाच कुणी सांगितले नव्हते."

त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत ओढले आणि उजवा पाय चौरंगावर ठेवला. घोट्यावरचा व्रण अजून चकाकत होता. "काढ लेका. पन तोंड नोको. तोंड काढलं तं पुस्तक जाळून टाकीन मी, मंग ही माही पुतनी असो का कलेक्टर असो."

पेंटर खाली उतरून अंगणात मांडी घालून बसला आणि काढू लागला. मधेच थांबला. "करंगळी नाई पायाले."

"कुऱ्हाडीनं गेली. जवान होतो तवा. झाड सोडून पायच तोडला, तूच पाह्य माही अक्कल." काका पहिल्यांदा हसले.

परत अकोल्याला जायच्या गाडीची वाट पाहत असताना पेंटर म्हणाला, "बाई, चार बोटं काढली तं सारं गाव वळखन. पाच काढली तं खोटं होईन. तुमी सांगा. लिवनाऱ्या तुमी." रात्रभर विचार केला, असे मी म्हणणार नाही. फाट्यावर गाडी यायला अर्धा तास होता, तेवढ्यातच ठरवले. काकांनी चेहरा नको म्हटले होते, म्हणजे ओळख नको म्हटले होते. बोटांचा नियमही तोच. उतरणारा कोण, कुठल्या घरचा, हे खरे राहिले पाहिजे. तो नेमका कोण, हे नाही. "पाच," मी म्हणाले. "पण वरच्या पायरीवर जोडे काढा. काढून ठेवलेले, करकरीत."

तो हसला. "जोडे तं मी काढनारच होतो."

चौकट तीन दिवसांत आली. शेवटच्या पायरीवर एक पाय, पाच बोटे, घोट्यावर काकांच्या व्रणाच्याच आकाराचा फोड, दुधाची धार. वर, पायरीवर शेजारी शेजारी ठेवलेला जोड्यांचा जोड. आणि अगदी वर, विहिरीच्या काठापासून अंतर राखून, मी न सांगितलेली एक बाई रिकामा हंडा घेऊन उभी. अंगठ्याएवढी आकृती. मला ती रचनेच्या दृष्टीने आवडली. पानाचा तोल साधत होता. मी पाने नागपूरला पाठवली.

पुस्तक जत्रेला पोचले. मग एका संध्याकाळी मी ते आमच्याच गावच्या पारावर वाचून दाखवले. कंदिलाची गरज नव्हती, उजेड होता. तीसेक माणसे, बाया मागे भिंतीपाशी. काका पुढे बसले होते आणि काकू आल्या नव्हत्या. पाचवे पान आले तेव्हा मी ते उंच धरले.

"जोडे तं पाटलावानी दिसून रायले," मागून कुणीतरी म्हणाले. खसखस पिकली.

"पाय कोनाचा हाय पन?" दुसरा म्हणाला. "व्रन कुटीसा पाह्यल्यासारखा वाटते."

हसणे थांबले. कुणी काकांकडे पाहत नव्हते, यावरूनच सगळे कुणाबद्दल विचार करत होते ते कळत होते. मी पान उलटणार होते. तेवढ्यात काकांनी हात पुढे केला. "आन इकडं." पुस्तक जवळ धरून त्यांनी नीट पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि खोलवर कुठेतरी दुखावल्यासारखे म्हणाले,

"हे चुकलं वं. पाच बोटं आहेत याले."

"काका—"

"माह्याले चारच हाय ना." त्यांनी जोडा काढला आणि पाय पाराच्या कडेवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. "पाहा लेकहो. व्रन बरोबर काढला, बोट चुकवलं. छापाचं तं नीट छापा. आता पाय कोनी पान्यात घालाचा नाई. पानी दुहेरी फडक्यातून गाळाचं, हे पुढच्या पानावर लिवलं असन. वाच पुढं."

मी पुढे वाचले. काकांच्या मुलीचे लग्न जमले, की मोडले, असे लोक मला नंतर विचारत. जमले. सोयऱ्यांच्या घरीही दोघांना नारू झाला होता.

पुढच्याच आठवड्यात मी अकोल्याला जाऊन हे सगळे सांगितले. चारच बोटे आहेत म्हणून काकांनी पाय दाखवला, हे ऐकून पेंटर इतका हसला की ब्रश खाली ठेवावा लागला. त्याच्या बायकोने त्याच्यासमोर चहा ठेवला. माझ्या डोळ्यांदेखत त्या सकाळचा तिसरा. मी त्या कपाकडे पाहत राहिले आणि तिच्या ते लक्षात आले.

"दिवसाले धा लागतात याले," ती म्हणाली. बाकी काही म्हणाली नाही.

पेंटरने पुस्तक उघडले, पाचवे पान काढले आणि अंगठ्याएवढ्या त्या बाईवर बोट ठेवले.

"आन हिचं काय झालं?"

"हिचे?"

"उतराचं बंद केलं म्हनता तुमी. पाय कोनी पान्यात घालत नाई, गाळून भरतात. बरं झालं. मंग वरते जे उभे रायतात, त्याईले आता कोन ओतून रायलं? गाळलेलं ओततात का बिनगाळलेलं? का आता उतरनारेच कमी, तं ओततच नाई कोनी?"

अकोल्याला येण्यापूर्वी मी पुन्हा गावच्या विहिरीवर गेले होते. फडके किती पदरी धरतात ते मोजले होते, काचनळीत नवा नमुना घेतला होता, आणि किडे कमी दिसतात का ते भिंगातून तपासले होते. वर मान करून पाहिले नव्हते.

"मी पाहिले नाही," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि पुस्तक मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीने पुन्हा गावी निघाले. काचनळी बरोबर घेतली नव्हती. चौकटींची वर्णने लिहायची आलेखाची वही घेतली होती.